तुम्ही विचारलंत म्हणून : कोळी मारावाच लागतो का?

कोळी या कीटकासारख्या जिवाची नवी जात सापडल्याची बातमी छापून आली की अभिनंदनापाठोपाठ हाच प्रश्न येतो : इतके चांगले कॅमेरे असताना त्या जिवाला का मारलेत?

जाळे न विणता रात्री जमिनीवर हिंडून शिकार करणाऱ्या ग्नॅफोसिडी कुळातल्या कोळ्यांवर मी काम करते. सूत काढणाऱ्या अवयवांची पुढची जोडी नळकांडीसारखी आणि एकमेकींपासून दूर असते, त्यावरून कूळ कळते. पण वरून पाहिले तर यांतले बहुतेक मातकट किंवा काळे, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे. जात ठरते ती नराच्या स्पर्शिकेच्या, म्हणजे तोंडाजवळच्या पायासारख्या अवयवाच्या, टोकावरून आणि मादीच्या पोटाखालच्या जननांगावरून. ते जननांग सोडवून लवंगेच्या तेलात पारदर्शक केले, तरच आतल्या नळ्यांची वळणे दिसतात.

हे मला माहीत असूनही एका पावसाळ्यानंतर रत्नागिरीजवळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, मिळालेला नर मी फोटो काढून सोडून दिला आणि त्याचा मला अभिमान वाटला. फोटोत डोळे मोजता येतात. स्पर्शिकेचे टोक मात्र धूसर आहे.

पुढच्या वर्षी त्याच सड्यावर जांभ्याचा एक दगड उलटला. खाली कागदासारखी चपटी अंडपिशवी होती आणि तिच्यावर पाय पसरून मादी बसलेली होती. दगड हलला की हे कोळी क्षणात पसार होतात. ती हलली नाही. कुपीचे तोंड जवळ नेले तेव्हा तिने पुढचे दोन पाय उचलले, पण मागचे पिशवीवरून काढले नाहीत. मी दोन्ही उचलले. मादी सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये गेली. पिल्ले निघाली, ती मी फळमाश्यांवर वाढवली, कारण मला त्यांतून नर हवा होता आणि शेवटची कात टाकल्याशिवाय नराची स्पर्शिका पूर्ण होत नाही. तिथवर एकही पोचले नाही.

म्हणून त्या जातीचे वर्णन केवळ मादीवरून झाले. सोडलेला नर तिच्याच जातीचा होता का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

केवळ फोटोवरून नाव देण्यास आंतरराष्ट्रीय नियमांत सरसकट बंदी नाही, हे मी मान्य करते. पण उद्या कुणाला माझी चूक दाखवायची असेल तर त्याच्या हाती नावाचा मूळ नमुना हवा, आणि 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार तो ठरवून दिलेल्या संग्रहात ठेवावा लागतो. 1757 साली क्लेर्क या स्वीडिश अभ्यासकाने कोळ्यांना दिलेली नावे आपण आजही वापरतो. नावे इतकी टिकणार असतील, तर ती पडताळता यायला हवीत.

त्या सड्याच्या दुसऱ्या टोकाला चिरेखाण आहे, तिथे किती अंडपिशव्या चिरडल्या हे मला कुणी विचारत नाही, असेही मी सुनावते. ते खरेच आहे. पण ती मादी खाणीत नव्हती, माझ्या दगडाखाली होती.

येत्या ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा तिथे जाणार आहे. नर मिळाला तर या वेळी सोडणार नाही. पिशवीवर बसलेली मादी दिसली तर दगड जसा होता तसा ठेवायचा, असे ठरवले आहे. तरी सामानात कुप्या दोन्ही मापांच्या भरल्या आहेत.