ऑक्साइडलाच ऑक्सिजन बाधतो

शेजारच्या कर्नाटकातल्या कैगा अणुवीज केंद्राचा विषय निघाला की आमच्या गोव्यात गाडी थेट रेडिएशनवर जाते, पण त्या अणुभट्टीत इंधन म्हणून घालतात काय हे कोणी विचारतच नाही. चक्क सिरॅमिक असतं ते! युरेनियम डायऑक्साइडची पावडर दाबून छोट्या पेलेट, म्हणजे गोळ्या, करायच्या आणि हायड्रोजन सोडलेल्या भट्टीत १७०० अंशांच्या आसपास भाजायच्या, म्हणजे त्या घट्टही होतात आणि जास्तीचा ऑक्सिजनही निघून जातो. आपल्याकडे हे काम हैदराबादला न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये चालतं.

आता ऑक्साइड म्हणजे आधीच ऑक्सिजन खाऊन बसलेला पदार्थ, त्याला हवेची कसली भीती, असं वाटतं ना? पण त्याची भूक भागलेली नसते. ताजी बारीक पावडर तर हवेत आपोआप तापून पेटू शकते, म्हणून तिला आधी मुद्दाम थोडी थोडी हवा दाखवून वरचा थर शांत करून घेतात (ही आयडिया मला जाम आवडली). आणि तयार पेलेटला तीन-चारशे अंशांवर हवा लागली तर यू-थ्री-ओ-एट (युरेनियमचंच जास्त ऑक्सिजनवालं ऑक्साइड) बनतं, जे जवळपास ३६ टक्के जास्त जागा मागतं, मग काय, पेलेटचा भुगाच. आपल्याकडे पावसात स्लॅबातली सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पाडते, अगदी तस्संच. म्हणून पेलेट झिरकॅलॉयच्या (झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या) नळीत भरून आत हवेऐवजी हेलियम हा निष्क्रिय वायू सोडतात आणि टोकं वेल्ड करतात. हेलियम उष्णताही छान बाहेर नेतो, ते वेगळंच.

कार्बाइडचं, म्हणजे ऑक्सिजनऐवजी कार्बनशी जोडलेल्या इंधनाचं, प्रकरण याहून वाईट. तामिळनाडूतल्या कल्पाक्कमची फास्ट ब्रीडर टेस्ट रिअ‍ॅक्टर (ब्रीडर म्हणजे चालता चालता नवं इंधन तयार करणारी अणुभट्टी) १९८५ ला सुरू झाली ती प्लुटोनियम-युरेनियम कार्बाइडवर, कारण ठरलेल्या इंधनासाठी लागणारं समृद्ध युरेनियम १९७४ च्या पोखरणनंतर बाहेरून मिळेना. हे इंधन ट्रॉम्बेला बनलं, आणि कार्बाइडची पावडर पेट घेते, दमट हवाही तिला चालत नाही, त्यामुळे सगळं काम ग्लव्ह बॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत), आत निष्क्रिय वायू, आणि उरलासुरला ऑक्सिजन आणि ओल पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग अशी, मोजायची. औषध कारखान्यात नायट्रोजन ब्लँकेटिंग (हवा लागू नये म्हणून वर नायट्रोजनचं पांघरूण) बघितलेल्यांना थोडा अंदाज येईल, फक्त इथे आत प्लुटोनियम आहे!

कार्बाइड उष्णता ऑक्साइडपेक्षा कितीतरी चांगली वाहून नेतं हे खरं, पण एवढी उस्तवार मोठ्या प्रमाणावर कोण करणार? कल्पाक्कमच्याच ५०० मेगावॉटच्या मोठ्या ब्रीडरसाठी ऑक्साइडच निवडलं, आणि मला ते पटतं.