कोटणीसांच्या नावातली झाडं

चीनमधल्या शिजियाझुआंगला येऊन मला तीन वर्षं होत आली, तरी फोनवर कुणी नाव विचारलं की अजून क्षणभर अडखळते. इथे नाव नुसतं सांगून भागत नाही, ते कसं लिहायचं तेही सांगावं लागतं. 'ली' आडनावाचा माणूस लगेच पुस्ती जोडतो, "झाड आणि मूल, तो ली." 'झांग' असेल तर "धनुष्य आणि लांब, तो झांग", कारण 'उभा' आणि 'सकाळ' जोडून होणारा दुसराही झांग आहे. समोरासमोर असतील तर तळहातावर बोटाने अक्षर काढून दाखवतात. आपल्याला 'जोशी' ऐकलं की लिहिता येतं. इथे एका आवाजाची अक्षरं पुष्कळ, आणि प्रत्येकाला आपापला अर्थ.

चिनी शिकवणाऱ्या माझ्या लाओशींनी, म्हणजे बाईंनी, मला नाव दिलं 'मेइ युन'. मी मेघना. मेइ हे खरंखुरं चिनी आडनाव, थंडीत फुलणाऱ्या एका झाडाचं. युन म्हणजे ढग. 'मे'चा आवाज राहिला आणि मेघाचा अर्थही. जुन्या वळणाच्या 'युन'वर, तैवानमध्ये आजही लिहितात त्यावर, पावसाचं चिन्ह असतं. इथल्या सोप्या लिपीत ते नाही. सोपं करण्याच्या नादात ढगाचा पाऊस काढून घेतला म्हणून मी हळहळले. लाओशी म्हणाल्या, उलट आहे. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हाडांवर कोरलेल्या ढगाला पाऊस नव्हताच. पुढे तेच अक्षर 'म्हणणे' या अर्थाने वापरू लागले, म्हणून ढग ओळखू यावा यासाठी वर पाऊस आला. सोप्या लिपीने जुनाच ढग परत आणला.

एप्रिलमध्ये छिंगमिंगला इथले लोक पितरांच्या समाध्या झाडून स्वच्छ करतात, फुलं वाहतात. त्या दिवशी मी हुतात्मा स्मशानभूमीत गेले. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथे आहेत. त्याच आवारात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून. वाटेवर झाडणाऱ्या एका आजोबांनी नाव विचारलं. मी तळहातावर 'मेइ' काढलं. त्यांनी मान डोलावली आणि कोटणीसांच्या समाधीकडे हात केला, "झाडाची मेइ. त्यांच्याही नावात झाडं आहेत."

खरंच आहेत. कोटणीस इथे 'के दीहुआ'. जपानविरुद्धच्या युद्धात चीनच्या मदतीला १९३८ मध्ये आलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी, या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी 'हुआ' आहे. हुआ म्हणजे चीन. 'के' म्हणजे फांदी, कुऱ्हाडीचा दांडाही. 'दी' हे पांढऱ्या फुलांचं एक झाड, आणि जुन्या पत्रव्यवहारात धाकट्या भावासाठीही तेच अक्षर. दोन्हींच्या डाव्या बाजूला 'मू', झाड. बीजिंगचा राजवाडा बांधणाऱ्या मिंग सम्राट झू दी यांच्या नावातला 'दी'ही हाच. त्या घराण्यात दर पिढीच्या नावात क्रमाने लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी यायचं. झू दींच्या मुलाच्या नावात अग्नी आहे, नातवाच्या नावात माती.

'मू'ची मुळं बघायची तर दक्षिणेला आन्यांगला जावं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शांग राजांच्या काळातली भविष्य पाहण्याची कासवांची कवचं आणि बैलांची हाडं तिथल्या मातीत सापडली. १८९९ मध्ये वांग यीरोंग या विद्वानांनी त्यांवरची लिपी ओळखली असं मानतात. तिथल्या चिनी लिपीच्या संग्रहालयात मी 'मू'समोर बराच वेळ थांबले. मधे खोड, वर दोन फांद्या, खाली दोन मुळं. पुढे कारकुनांना बांबूच्या पट्ट्यांवर कुंचल्याने भराभर लिहावं लागे, त्यात वळणं सरळ झाली. वरच्या फांद्यांची एक आडवी रेघ झाली. मुळं मात्र आजही दोन तिरप्या रेघांत दिसतात. त्या कारकुनी वळणाला 'ली-शू' म्हणतात, आणि त्यातलं 'ली' हेच कोटणीसांच्या 'दी'चा उजवा भाग आहे! हे कळलं तेव्हा मी हॉटेलवर परतून रात्री आईला फोन करून सांगितलं.

'हुआ' मूळचं फुलांनी लगडलेल्या झाडाचं चित्र. १९५६ ला लिपी सोपी करायला घेतली, त्यात ती फुलं गेली; आता वर आवाजासाठी दुसरं अक्षर आणि खाली 'दहा'ची फुली. कोटणीस चिनी लिहायला शिकले होते. स्वतःचं नाव लिहिताना त्यांनी 'हुआ' फुलांसकटच काढला असणार.

ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना आणि त्यांच्या पत्नी छिंगलान यांना मुलगा झाला. जनरल न्ये रोंगझेन यांनी नाव ठेवलं 'यिनहुआ'. 'यिन' भारताच्या चिनी नावातला, 'हुआ' वडिलांच्या नावातला. सुट्या 'यिन'चा अर्थ शिक्का, ठसा. आन्यांगच्या हाडांवर त्याचं चित्र आहे: गुडघे टेकलेला माणूस, आणि त्याच्यावर टेकलेला एक हात. ९ डिसेंबरला कोटणीस गेले तेव्हा यिनहुआ साडेतीन महिन्यांचा होता.