तुम्ही विचारलंत म्हणून: टांगलेला माणूस राजा कसा?

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले आणि कपाटातून स्वेटर बाहेर निघाले की नागपूरच्या आमच्या ऑफिसात हा प्रश्न येतो. विचारणारे दरवर्षी बदलतात. रविवारी चर्चजवळून जाताना त्यांची स्कूटर अडलेली असते. पुढे पांढऱ्या फ्रॉकमधल्या मुली फुलं उधळताहेत, मागे छत्राखाली फादर काहीतरी सोनेरी उंच धरून हळूहळू चालताहेत, लोक गाताहेत आणि मधूनच घोषणा, ‘ख्रिस्तराजाचा विजय असो’. सोमवारी चहाच्या टपरीवर विचारणा होते.

“मॅडम, नाताळाले त महिना हाये अजून. हे कायचं होतं जी?”

ख्रिस्तराजाचा सण, असं सांगितलं की पुढचा प्रश्न तयारच असतो. “पन त्याले त खिळे ठोकले होते ना? मंग राजा कसा?”

आणि एखादा वाचणाऱ्यातला असला तर तिसरा: “आता राजे राहिले कुठं? लोकशाहीत हे कशाला?”

चहाचा कप संपेपर्यंत याचं उत्तर होत नाही, म्हणून एकदा नीट लिहून टाकते. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. आमच्या कॅथलिक चर्चमध्ये मराठी मिस्साला, म्हणजे उपासनेला, बायबलातलं वाचन करते आणि साक्रिस्तीत, म्हणजे वेदीमागच्या खोलीत, फादरांचे झगे, वेदीची वस्त्रं, मेणबत्त्या यांची व्यवस्था बघते. मला जे कळलंय ते तिथूनच कळलंय.

ते सोनेरी काय असतं, ते आधी. सूर्यासारखे किरण असलेलं ते एक पात्र, त्याच्या मधोमध काच, आणि काचेआड गव्हाच्या पिठाची, खमीर न घातलेली, पातळ पांढरी चकती. मिस्सात अर्पण झालेला परमप्रसाद. पालखीत पादुका असतात तसं समजा, असं मी चटकन सांगून मोकळी होते. आमच्या एका फादरांना ही उपमा अपुरी वाटते आणि त्यांचं बरोबर आहे, कारण आमच्या श्रद्धेने ती ख्रिस्ताची नुसती खूण नाही, तो स्वतः आहे. तेव्हा मिरवणुकीत राजा कुठाय, असं विचाराल तर तो त्या चकतीत. त्याला ना तलवार, ना सिंहासन, ना चेहरा. आणि शेवटी तो खाल्ला जातो. दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे, पण ते टपरीवर कुणाला पटत नाही.

महिना नोव्हेंबर का, तेही सांगते. आमच्या उपासनेचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळाआधीच्या आगमनकाळापासून ते सुरू होतं आणि त्याच्या आदल्या रविवारच्या आठवड्यात संपतं. हा शेवटचा रविवार ख्रिस्तराजाचा, म्हणून तो नेहमी २० ते २६ नोव्हेंबरच्या दरम्यान पडतो. साक्रिस्तीत हे रंगांवरून कळतं. पावसाळाभर हिरवा झगा चालू असतो, इतका की त्याची कॉलर मळते. या एका रविवारी पांढरा निघतो आणि पुढच्या रविवारी जांभळा.

आता लोकशाहीवाल्यांसाठी थोडा इतिहास. हा सण जुना नाही. पोप अकरावे पायस यांनी ११ डिसेंबर १९२५ रोजी ‘क्वास प्रीमास’ हे परिपत्रक काढून तो सुरू केला. तो काळ पाहा. पहिल्या महायुद्धानंतर रशियाचा झार, जर्मनीचा कैसर, ऑस्ट्रियाचा सम्राट, तुर्कस्तानचा सुलतान, सगळे गेलेले. राजे कोसळत असताना रोममध्ये एक नवा राजसण निघतो! पण राजांच्या जागी जे येत होते ते काही साधे नव्हते. इटलीत मुसोलिनीने १९२५ च्या सुरुवातीला हुकूमशाही उघड केली होती. माणसाचं सगळं, त्याचं मन धरून, राज्याचं आहे असं म्हणणारी सत्ता उभी राहत होती. तिला त्या परिपत्रकाने सांगितलं की तुझ्या वर कोणीतरी आहे.

यात चर्चचा स्वतःचा राजकीय सूरही होता, हे झाकण्यात अर्थ नाही. १८७० मध्ये पोपच्या हातून रोम गेलं होतं. व्हॅटिकनचं छोटं राज्य व्हायला १९२९ उजाडायचं होतं. राज्यांनी आणि राज्यकर्त्यांनी जाहीरपणे ख्रिस्ताचा मान राखावा, असं त्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय. मला तो भाग आज परका वाटतो. नागपूरच्या कॅथलिकांना तर तो कधी लागू पडलाच नाही. फ्रान्सिस डी सेल्स संस्थेचे फ्रेंच बोलणारे मिशनरी १८४० च्या दशकात इथे आले तेव्हा गादीवर भोसले होते. १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं. १८८७ मध्ये नागपूरचं धर्मप्रांत झालं ते इंग्रज राणीच्या अमलात. पुढे प्रजासत्ताक आलं. आम्ही सगळ्या अमलांत मूठभरच होतो. आमचा राजा सरकार चालवेल अशी स्वप्नं बघायला मूठभरांना फुरसत नसते.

सणाचं रूपही बदललं. आधी तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे चर्चमध्ये बदल आणणाऱ्या बिशपांच्या मोठ्या सभेनंतर, १९६९ मध्ये, पोप सहाव्या पॉल यांनी तो वर्षाच्या अगदी शेवटी नेला आणि नाव केलं ‘विश्वाचा राजा’. काही जुन्या मंडळींना वाटतं की यात सणाची धार गेली. मला उलट वाटतं. कुठल्या देशाने कुणाला मान द्यावा या भांडणातून तो बाहेर पडला आणि सगळ्याचा शेवट कुणाच्या हाती आहे, या प्रश्नापाशी येऊन उभा राहिला. आणि बदलानंतर आलेली वाचनं! तिथे तर कमालच आहे.

आमच्याकडे रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात येतात. ख्रिस्तराजाच्या दिवशी कोणती शुभवर्तमानं, म्हणजे योहान, लूक, मत्तय यांनी लिहिलेल्या येशूच्या चरित्रातले कोणते उतारे, निवडले असतील? पुनरुत्थानाचा विजय? यरुशलेममधला जयजयकार? यातलं काहीच निवडलेलं नाही.

एका वर्षी योहानाचा अठरावा अध्याय. आरोपी येशू आणि रोमन सुभेदार पिलात. “तू यहुद्यांचा राजा आहेस काय?” येशू उलट विचारतो, हे तू आपण होऊन म्हणतोस की दुसऱ्यांनी सांगितलं म्हणून? माझं राज्य या जगाचं असतं तर माझी माणसं लढली असती, असंही म्हणतो. सत्याची साक्ष द्यायला मी आलो, एवढं सांगून वाचन थांबतं. बायबलात पुढच्याच ओळीत पिलात विचारतो, सत्य म्हणजे काय? ती ओळ त्या दिवशी वाचत नाहीत. लोक ती मनात पूर्ण करतात, हे समोरच्या चेहऱ्यांवर दिसतं.

दुसऱ्या एका वर्षी लूकचा तेविसावा अध्याय. हा माझ्या मते या सणाचा गाभा. येशू क्रुसावर आहे. लोक उभे राहून बघताहेत. पुढारी टर उडवताहेत, शिपाई आंबट द्राक्षारस पुढे करून म्हणताहेत, राजा आहेस ना, मग वाचव स्वतःला. डोक्यावर फळी लावलेली, ‘हा यहुद्यांचा राजा’. म्हणजे त्या प्रसंगात ‘राजा’ हा शब्द येतो तो फक्त चेष्टेत. आणि शेजारच्या क्रुसावर टांगलेला एक गुन्हेगार, ज्याच्याकडे आता काही तासच उरलेत, तो म्हणतो, येशू, तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण ठेव.

जरा विचार करा. त्या क्षणी येशूकडे राजासारखं काय होतं? शिष्य पळालेले. अंगावर कपडा नाही. हात हलवता येत नाहीत. आणि या माणसाला त्याच्यात राज्य दिसतं. सुटका मागत नाही, मला खाली उतरव म्हणत नाही, आठवण मागतो. त्याला उत्तर मिळतं, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. आपल्या साहेबांच्या केबिनबाहेर अर्ज घेऊन उभं राहणाऱ्या कुणालाही विचारा, ‘आजच’ हा शब्द किती वेळा ऐकू येतो ते.

त्या वर्षी पहिलं वाचन इस्राएलचा जुना राजा दाविद याचं असतं. इस्राएलचे सगळे वंश हेब्रोनला येऊन त्याला म्हणतात, आम्ही तुझ्या हाडामांसाचे आहोत, आणि त्याला राजा करतात. ते वाचन बऱ्याचदा माझ्याकडे येतं. मी वाचते आणि बसते, मग फादर लूक वाचतात, आणि दाविदाच्या पुढे हा हाडामांसाचा राजा येतो.

ज्यांना राजा या कल्पनेचीच चीड आहे त्यांना मी शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाचा आठवा अध्याय वाचायला सांगते. लोक म्हणतात, आम्हाला इतरांसारखा राजा हवा. म्हातारा संदेष्टा शमुवेल त्यांना बजावतो: तो तुमची पोरं रथापुढे धावायला नेईल, पोरींना स्वयंपाकाला नेईल, चांगली शेतं काढून घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल, आणि तुम्ही त्याचे गुलाम व्हाल. राजेशाहीवर इतकी परखड टीका आमच्याच ग्रंथात आहे. आणि भाकरी वाटल्यावर लोक येशूला बळजबरीने राजा करायला निघाले, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला.

राहिला लोकशाहीचा मुद्दा. २६ नोव्हेंबर हा संविधान दिन. आमच्या ऑफिसात उद्देशिकेचं वाचन होतं आणि चर्चमध्ये वाचन करते म्हणून पुढे मलाच उभं करतात. त्यामुळे एकाच आठवड्यात मी दोन्ही वाचते. २०२३ मध्ये तर ख्रिस्तराजाचा रविवार आणि संविधान दिन एकाच तारखेला आले. त्या रविवारी मिस्सात फादर जी खास स्तुती म्हणतात तिच्यात या राज्याचं वर्णन आहे: सत्य आणि जीवन, पावित्र्य आणि कृपा, न्याय, प्रेम आणि शांती यांचं राज्य. उद्देशिकेत न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही. एक आम्ही भारताच्या लोकांनी स्वतःप्रत अर्पण केलंय, दुसरं आम्ही मागतो. ‘तुझे राज्य येवो’ हे मागणं तर प्रत्येक मिस्सात आहे. पण दीक्षाभूमीच्या गावात राहून मला एवढं कळतं की ज्याच्यापुढे मी गुडघे टेकते तो दुसऱ्या कुणाला माझ्यापुढे गुडघे टेकायला लावत नाही. त्याच्यापुढे सगळे सारखेच खाली, साहेब आणि शिपाई एकाच बाकावर. संविधान चौकातून मिस्साला जाताना मला कधी अवघडल्यासारखं झालेलं नाही.

तिसऱ्या वर्षीचं वाचन मत्तय पंचविसावं. सगळी राष्ट्रं समोर उभी, राजा निवाडा करतोय. मी भुकेला होतो, तहानलेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. कुणी खायला दिलं, कुणी दिलं नाही. यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की दोन्हीकडचे लोक एकच प्रश्न विचारतात: प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? ज्यांनी केलं त्यांनाही माहीत नव्हतं. राजा म्हणून ओळखून कुणीच केलं नव्हतं.

मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, आवारात रात्री गेलात तर गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाटकडून पेशंटबरोबर आलेली माणसं चादरी पसरून झोपलेली दिसतील. तिथे डबे घेऊन जाणारे आमच्या चर्चचे काहीजण आहेत, गुरुद्वाऱ्याचे आहेत, कुठल्याशा मंडळाचे आहेत, आणि कुठलेच नसलेलेही आहेत. ऑफिसातल्या एकाने मला सरळ विचारलं होतं, “मंग आमी देल्लेला डबा तुमच्या राजाच्या खात्यात जमा होते का?” मी म्हटलं, त्या अध्यायात तरी कुणाला धर्म विचारलेला नाही. आमचे फादर हे वाक्य जरा जास्त जपून बोलतील. मी असंच बोलते.

आणि ती घोषणा. मेक्सिकोत चर्चवर बंदीसारखी परिस्थिती होती तेव्हा मिगेल प्रो नावाच्या, येशूसंघ या कॅथलिक संस्थेतल्या एका फादरांना २३ नोव्हेंबर १९२७ रोजी खटला न चालवता गोळ्या घातल्या. हात क्रुसासारखे पसरून ते ओरडले होते, ‘विवा क्रिस्तो रेय’, ख्रिस्तराजाचा विजय असो. बंदुकीच्या नळीसमोर उभ्या माणसाच्या तोंडी ती घोषणा मला कळते. लाउडस्पीकरवरून, ट्रॅफिक अडवून, शक्तिप्रदर्शनाच्या सुरात आली की मी गप्प राहते आणि गाण्यात सूर मिळवते. सोन्याचा मुकुट घातलेली मूर्तीही मला फारशी आवडत नाही. हे मी समितीत बोलून दाखवलंय, आणि पुढेही दाखवीन.

एवढं वाचून बघायला यावंसं वाटलं तर या. २०२६ मध्ये हा रविवार २२ नोव्हेंबरला आहे आणि पाळी मत्तयची आहे. मागच्या बाकावर बसा. लोक उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, गुडघे टेकले तर नुसतं बसून राहिलात तरी कुणी काही म्हणत नाही. परमप्रसादाच्या रांगेत यायचं नाही, तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतो. गाडी आतल्या मैदानात लावा, बाहेरचा रस्ता मिरवणुकीसाठी बंद होतो. बाकीचं चहावर.