एका ताटातले दोन साडू

लक्ष्मीची यात्रा झाली की पुढचा आठवडा आमच्या खानापूर भागातल्या दवाखान्यांना बरा जातो. डॉक्टरनं हे बोलू नये, पण खरं आहे. घरभर पाव्हणे, दुपारी मटण, रात्री परत मटण.

गेल्या यात्रेनंतर दोन साडू एकाच गाडीवरून आले. एक 98 किलोचा, दुसरा 56. मोबाइलवर काहीतरी ऐकून बेळगावात परस्पर कॉर्टिसॉल तपासून आलेले. थोरल्याचं म्हणणं, "मी खाऊन जाड झालो नाही ओ, टेन्शनचं हार्मोन वाढलंय." घरी बायकोपुढं ठेवायला त्याला कागद हवा होता.

रक्त दोघांचंही सकाळी आठला घेतलेलं. थोरल्याचं 9, बारक्याचं 16. दोन्ही नॉर्मल.

"म्हणजे टेन्शन ह्याला?" थोरला हिरमुसला.

तसंही नाही. लठ्ठ शरीरात कॉर्टिसॉल जास्त तयार होतं, पण त्याचा निचराही तितकाच जोरात होतो, म्हणून रक्तातला आकडा बहुतेक वेळा साधाच येतो. शिवाय चरबीतलं एक एन्झाइम निष्क्रिय कॉर्टिसोनचं तिथल्या तिथं कॉर्टिसॉल करतं. दंडातून काढलेल्या रक्तात त्याचा पत्ता लागत नाही. कॉर्टिसॉल खरोखरच बेसुमार वाढतं तो कुशिंगचा आजार नजरेतून नको सुटायला म्हणून पोटावर रुंद जांभळे वळ आहेत का पाहिलं, हात न टेकता खुर्चीतून उठायला लावलं. वळ नव्हते, उठलाही झटक्यात.

मग बीपी. नेहमीचा पट्टा त्याच्या दंडाला पुरेना, आणि अपुऱ्या पट्ट्यानं बीपी खोटंच जास्त दिसतं. मोठा पट्टा शोधून बांधला. 158/98. पाच मिनिटांनी परत घेतलं, तेवढंच. बारक्याचं 124/80.

"एकाच ताटात जेवलो की ओ आम्ही!"

जेवले खरं. पोटाला तडस लागेपर्यंत खाल्लं की मज्जातंतूंतून सुटणाऱ्या नॉरॲड्रेनालिनचा जोर वाढतो, अंग तापतं, ते दोघांचंही. बारका म्हणाला, त्या रात्री पांघरूण अंगावर नकोसं झालेलं. पण थोरल्याच्या मूत्रपिंडाकडं जाणारे हे मज्जातंतू एरवीही जास्तच चेतलेले असणार. लठ्ठपणात ते नेहमीचं. मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि बीपी चढतं. वर रश्श्यातलं मीठ.

गोळी लगेच लिहिली नाही. आठवडाभर भाकरी-आमटी, मीठ बेतानं, मग परत दाखवा म्हटलं.

"बुधवारी भैणीच्या गावची यात्रा हाय की," थोरला म्हणाला.