टाकायचं नंतर बघू, आधी नीट ठेवा

घरातल्या धोकादायक कचऱ्याचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला, हे टाकायचं कुठे? जुना रंग, संपलेले सेल, झुरळांचं औषध, गेलेली ट्यूब. पण मला विचाराल तर त्याआधीचा प्रश्न जास्त कामाचा आहे, कारण असला कचरा घेणारं केंद्र काही रोज दारात येत नाही, तोपर्यंत हे सगळं महिनोन्महिने आपल्याच घरात पडून असतं, ड्रॉवरमध्ये, माळ्यावर, सिंकखाली. मग तिथे ते ठेवायचं कसं?

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या. तिची दोन्ही टोकं वरच्याच बाजूला, अगदी शेजारीशेजारी. संपली म्हणून आपण ड्रॉवरमध्ये टाकतो, तिथे चाव्या, नाणी, पिना, त्यातलं काहीतरी दोन्ही टोकांना एकदम टेकलं की झालं शॉर्ट, आणि जिला आपण संपलेली म्हणतो तिच्यात आजूबाजूचे कागद पेटवण्याइतका जोर बऱ्याचदा शिल्लक असतो. उपाय काय, तर टोकांवर चिकटपट्टी. बास, एवढंच. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्यांनाही तेच करायचं. त्या साध्या कचऱ्यात मात्र कधीच टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्या की आतले थर एकमेकांना भिडतात आणि आग लागते, शिवाय एक सेल तापला की शेजारचाही तापतो, म्हणून विझली वाटणारी आग परत भडकते. मोबाईलची बॅटरी फुगली असेल तर चार्जिंगला लावायची नाही, टोचून 'जरा हवा काढू' असला उद्योग तर अजिबात नाही, कारण आतला गॅस पेट घेतो. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवायची आणि केंद्रावर पोचवायची, हिच्या बाबतीत 'नंतर बघू' चालत नाही.

याउलट साध्या पेन्सिल सेलचं लोक उगाच टेन्शन घेतात. त्यातला पारा बहुतेक कंपन्यांनी १९९० च्या दशकातच काढून टाकलाय. रिसायकलला द्यावेत हे खरंच, जस्त आणि मँगनीज परत मिळतं, पण घाबरायचंच असेल तर बटण सेलला घाबरा. लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यामुळे करंट वाहायला लागतो, तिथे तीव्र अल्कली, म्हणजे मांस जाळणारं रसायन, तयार होते आणि दोन तासांतसुद्धा गंभीर जखम होऊ शकते. संपलेल्या सेलनेही हे होतं. त्यामुळे काढल्या काढल्या दोन्ही बाजूंनी पट्टी लावून मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी.

पाऱ्याचं म्हणाल तर एका सीएफएल दिव्यात साधारण ४ मिलिग्रॅम असतो, जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण ५०० मिलिग्रॅम, म्हणजे दिव्याची भीती आणि थर्मामीटर खुशाल औषधांच्या डब्यात, हे उलटंच झालं. दोन्ही न फुटता केंद्रापर्यंत पोचवणं हेच खरं काम, दिवा त्याच्या मूळ खोक्यात आणि थर्मामीटर झाकणाच्या बरणीत. दिवा फुटलाच तर खिडक्या उघडायच्या, पाच-दहा मिनिटं सगळ्यांनी खोलीबाहेर, मग जाड कागदाने तुकडे गोळा करून बारीक चुरा चिकटपट्टीने टिपायचा. झाडू किंवा व्हॅक्यूम नको, त्याने पारा पसरतो.

आता माझा सगळ्यात मोठा राग, दोन अर्धवट बाटल्या एकात ओतून जागा वाचवणारे लोक! ब्लीच आणि ॲसिडचा टॉयलेट क्लीनर एकत्र आले की क्लोरीन वायू, ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन, दोन्ही फुप्फुसांवर जातात. आणि कीटकनाशक कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवणाऱ्यांना तर काय बोलावं. मूळ बाटली, मूळ लेबल, घट्ट झाकण. लेबल गेलं असेल तर मार्करने नाव लिहा, केंद्रावरच्या माणसाला आत काय आहे हे कळलं तरच तो त्याचं काही करू शकेल.

गाडीच्या काळ्या ऑइलचंही तसंच. ते झिजून संपत नाही, फक्त घाण होतं, शुद्ध करून पुन्हा वापरता येतं, पण त्यात पेट्रोल किंवा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, मिसळलं की बहुतेक वेळा रिसायकलचा मार्गच बंद. गाडीची लेड-ॲसिड बॅटरी तर सरळ नवी घेताना परत द्यावी, तिचं शिसं आणि प्लॅस्टिक दोन्ही पुन्हा वापरात येतं. फक्त नेताना उभी न्या, आडवी केली तर ॲसिड सांडेल.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही, लाकडाला जवसाचं तेल लावून झाल्यावर उरलेल्या चिंध्या. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं, चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि काडी न लावता बोळा पेटू शकतो. बाहेर मोकळ्यावर एकेक सुटी पसरून कडक वाळू द्यायच्या, ते जमत नसेल तर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून वर झाकण, आणि डबा तसाच केंद्रावर.