सोलापुरात बसून क्लाइंबिंगचं सामान घेताना

सोलापुरात क्लाइंबिंगचं सामान हातात घेऊन बघता येईल असं दुकान मला काही सापडलं नाही. स्पोर्ट्सच्या दुकानात हार्नेस, म्हणजे दोराला जोडायचा कंबर-मांड्यांचा पट्टा, विचारला की क्रिकेटचे पॅड पुढे येतात. हार्डवेअरवाल्याने ट्रकवर ताडपत्री बांधायचा नायलॉनचा दोर काढला आणि म्हणाला, "दोन टन ओढतो मॅडम, तुमचं वजन काय त्यापुढं!"

दोन टन ओढत असेलही. पण पडणाऱ्या माणसाला नुसता मजबूत दोर पुरत नाही, तो ताणला जावा लागतो. लीड क्लाइंबिंगमध्ये, म्हणजे कड्यात ठोकलेल्या बोल्टना दोर अडकवत चढताना, शेवटच्या बोल्टच्या वर गेलेला माणूस घसरला की तेवढंच अंतर बोल्टच्या खालीही जातो. तिथे दोराने हळूहळू वेग खाल्ला नाही तर सगळा हिसका कंबरेला आणि बोल्टला बसतो. म्हणून या कामाला डायनॅमिक, म्हणजे ताणला जाणारा, रोप लागतो. युरोपातल्या ईएन ८९२ या मानकाप्रमाणे सिंगल रोपवर, म्हणजे एकट्यानेच वापरायच्या दोरावर, ८० किलोचं वजन पुन्हापुन्हा पाडतात. त्याने किमान ५ वेळा ते झेललं पाहिजे, आणि पहिल्या पडण्याचा हिसका १२ किलोन्यूटनच्या (हे जोराचं माप) आत राहिला पाहिजे. सह्याद्रीत रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरायला, वापरतात तो बहुतेक वेळा स्टॅटिक दोर असतो. तो कमी ताणला जातो आणि त्या कामाला तेच हवं असतं. म्हणजे दोर चांगला की वाईट हे विचारण्याआधी आपण कशासाठी घेतोय ते ठरलेलं हवं.

माझं ठरलं होतं ते बदामीमुळे. आपल्याकडे क्लाइंबिंग म्हटलं की सगळे लोणावळा, जुन्नरकडे बघतात. सोलापूरकराला मात्र बदामी सोयीची, कारण विजापूर-बागलकोटवरून गदगला जाणाऱ्या आपल्याच रेल्वेमार्गावर ते स्टेशन आहे. तिथल्या लाल वालुकाश्माच्या कड्यांवर बोल्ट मारलेले भरपूर रूट आहेत. पुण्याच्या ज्या ग्रुपबरोबर मी शिकले, त्यातल्या ताईंनी स्पष्ट सांगितलं, "शूज, हार्नेस, हेल्मेट स्वतःचं घे. रोप तिघीचौघींत मिळून घ्या. बाकीचं आमचं आहे."

तर हार्नेसपासून सुरुवात. ऑनलाइन मागवला, परत करता येईल अशाच ठिकाणाहून, आणि टॅग कापला नाही. पट्टा कंबरेच्या हाडाच्या वर बसला पाहिजे. आवळल्यावर आत सपाट तळवा जावा, मूठ जाऊ नये. मग दोन्ही हातांनी जोर लावून पट्टा खाली ओढून बघायचा. तो नितंबांवरून घसरला तर हार्नेस आपल्या मापाचा नाही. पहिला आलेला या सगळ्यात पास झाला. पण हार्नेस उभ्याने घालून कळत नाही, त्यात लटकावं लागतं.

लटकायचं कुठे? आमच्या शेजारी अण्णांचा पॉवरलूमचा शेड आहे. तिथे बीम, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेले रूळ, उचलायच्या चेनपुलीसाठी जाडजूड लोखंडी गर्डर टाकलाय. त्यावर नवी स्लिंग (मजबूत पट्टीचा शिवलेला फास), तिला स्क्रू गेट कॅराबिनर (उघडणारं गेट स्क्रूने बंद करायची धातूची कडी), आणि पाय जमिनीपासून वीतभर वर. कामगारांनी माग बंद करून गंमत बघायला गर्दी केली. अण्णा म्हणाले, "पडलीस तर माझ्या बीमवर पडू नको गं, ताणा भरलाय." पहिली दोन मिनिटं झकास गेली. मग मांडीचे पट्टे कंबरपट्ट्याला खाली खेचायला लागले, पट्टा पोटाऐवजी ओटीपोटावर आला आणि पायांना मुंग्या आल्या. कंबर ते मांडी हे अंतर बायकांच्या शरीराला थोडं जास्त लागतं, म्हणून काही कंपन्या बायकांसाठी वेगळा कट काढतात. हा पुरुषी मापाचा होता. परत पाठवला आणि बायकांच्या कटचा मागवला. त्याच गर्डरला त्यात दहाएक मिनिटं आरामात बसले, चहासुद्धा तिथेच प्यायले.

घरी एवढीच टेस्ट करायची असते, मापाची. पप्पांचं मत वेगळं होतं. "ज्वारीची दोन पोती बांध आणि माडीवरून सोड की, कळेल दम आहे का नाही!" पोती सोडून काहीच कळलं नसतं, उलट नव्या दोराचं आयुष्य मात्र कमी झालं असतं. ताकद तपासणं प्रयोगशाळेचं काम. आपलं काम म्हणजे ती तपासली गेल्याची खूण वाचणं: सीईचा शिक्का (युरोपातले नियम पाळल्याचा), त्यापुढे तपासणी संस्थेचा चार आकडी क्रमांक, मानकाचा नंबर, बनवल्याचं साल, आणि असल्यास यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचं चिन्ह. कॅराबिनरच्या अंगावर किलोन्यूटनचे तीन आकडे कोरलेले असतात. लांबीतली ताकद किमान २० लागते. आडवं पडल्यावर किंवा गेट उघडं राहिल्यावर ती तिसऱ्या हिश्शावर येते, म्हणून स्क्रू लावायचा कंटाळा करायचा नाही. चावी अडकवायचे रंगीत कॅराबिनर दिसायला तसेच असतात, पण त्यांच्यावर हे आकडे नसतात.

रोप आला तेव्हा अण्णांनी तो माझ्याआधी हातात घेतला. आयुष्य सुतात गेलेला माणूस. त्यांनी कापलेल्या टोकाजवळ वरचं विणलेलं आवरण बोटाने सरकवून बघितलं, आतले पांढरे पीळ चिमटीत धरले आणि म्हणाले, "निम्मे एस पीळ, निम्मे झेड. म्हणून गरगर फिरत नाही हा." एस आणि झेड म्हणजे पिळाच्या उलटसुलट दिशा. बरोबर ओळखलं त्यांनी. मग हातावर तोलून विचारलं, "चार किलो भरेल. किलोला काय भाव पडला?" तो पाच आकडी हिशेब मी त्यांना सांगितला नाही.

साठ मीटरचा, ९.८ मिलीमीटरचा रोप. टोकावरच्या पट्टीवर गोलातला १ म्हणजे सिंगल रोप. मग सगळा रोप एका हातातून दुसऱ्या हातात सोडत जमिनीवर टाकला. कुठे मऊ लागतो का, चपटा लागतो का, आवरण फुगलंय का हे बोटांनाच कळतं. छोटा लूप करून दाबला तर गोलाई राहायला हवी. एखाद्या जागी तो कागदासारखा घडी पडून मोडला, तर आतला गाभा गेला समजायचं. हे नव्या रोपला एकदा आणि नंतर प्रत्येक वेळी.

शूजना संध्याकाळ निवडली. सोलापूरच्या उन्हात दिवसभर हिंडल्यावर पाय सुजलेले असतात, तेच खरं माप. मोजे न घालता बोटं जरा वळलेली हवीत, पण कळ येता कामा नये, आणि टाचेत पोकळी नको. आमच्या जिन्याच्या पायऱ्या शहाबादी फरशीच्या आहेत. त्यांच्या कडेवर नुसत्या अंगठ्याच्या जोरावर उभी राहिले. एका जोडात अंगठा आत सरकायचा, दुसऱ्यात नाही. दुसरा ठेवला. नवख्या माणसाने खाली वाकलेल्या चोचीच्या शूजच्या नादी लागू नये, सपाटच घ्यावेत.

हेल्मेटचं थोडक्यात. एमआयडीसीतलं पिवळं हेल्मेट घरात होतं, पण त्या कारखान्याच्या हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा ठरावीक ओढीला मुद्दाम सुटतो, अडकून गळा आवळू नये म्हणून. क्लाइंबिंगच्या हेल्मेटचा पट्टा पडताना टिकला पाहिजे. त्यामुळे ईएन १२४९२, म्हणजे क्लाइंबिंग हेल्मेटचं मानक, लिहिलेलंच घेतलं.

एका ओळखीच्यांनी जुना हार्नेस आणि कॅराबिनर फुकट देऊ केले. कॅराबिनर घेतले, कारण धातूवर दोराने पडलेली खाच आणि स्प्रिंगचा ढिलेपणा डोळ्यांना दिसतो. हार्नेस नम्रपणे नाकारला. कापडी वस्तूने किती ऊन खाल्लं, कशाशेजारी दिवस काढले, हे वरून सांगता येत नाही. बहुतेक कंपन्याही कापडी सामानाला, न वापरलेलं असलं तरी, जास्तीत जास्त दहा वर्षं देतात.

शेजारावरून आठवलं. आमच्या घरात सगळी अडगळ जिन्याखाली जाते आणि इन्व्हर्टरची बॅटरीही तिथेच आहे. नायलॉनला ॲसिडचं वावडं असतं, तेही रंग न बदलता नासवणारं. म्हणून रोप कपाटात, आईच्या चादरींच्या कप्प्यात गेला. बदामीहून आल्यावर त्यातली लाल माती कोमट पाण्यात सौम्य साबणाने काढली आणि गच्ची सोडून मधल्या खोलीत, पंख्याखाली वाळवला. दोन दिवस सगळ्यांनी त्याला ओलांडून ये-जा केली. दोरावर पाय द्यायचा नाही हे पप्पांनीच सगळ्यांना बजावलं.

आता बिले डिव्हाइस, म्हणजे खालून चढणाऱ्याचा दोर सांभाळायचं साधन, तेवढं राहिलंय. ताईंचं ग्रिग्री नावाचं वापरते. स्वतःचं घेताना आपल्या रोपची जाडी त्याच्या हद्दीत बसते का ते बघावं लागतं. ग्रिग्रीला ८.५ ते ११ मिलीमीटर चालतो, म्हणजे आमचा बसतो. ते दिवाळीच्या बोनसवर.