करंगळी आणि दोनशे किलोमीटर

रविवार, रात्र

आज 128 किलोमीटर झाले. आजवरची माझी सगळ्यात लांब सायकल राइड. खरं तर आनंदाने पान भरून लिहायचं होतं, पण पेन नीट धरवत नाहीये. अक्षर किरटं येतंय, मात्रा भलतीकडेच पडताहेत. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारच्या बोटाची करंगळीकडची अर्धी बाजू बधिर झाली आहे. दाबली तर दाब कळतो, पण मध्ये जाड हातमोजा असावा तसा.

दुपारी दाराशी पोचले तर कुलपात किल्ली फिरेना. चिमटीत किल्ली धरली की अंगठा निसटायचा. शेवटी डाव्या हाताने दार उघडलं आणि जरा वेळ तिथेच बसून राहिले. पाय थकले होते, पण ती थकण्याची रीत ओळखीची आहे. हाताचं हे मला नवीन होतं, आणि मी घाबरले.

राइडबद्दल थोडं. जाताना वारा पाठीवर होता आणि मला वाटलं, आपण सुधारलो! सव्वीसचा वेग, श्वासही शांत. परत फिरल्यावर कळलं की ती मेहेरबानी वाऱ्याची होती. आपण विसाच्या वेगाने जात असलो आणि समोरून पंधराचा वारा असला, तर अंगावर हवा पस्तिसाच्या वेगाने येते. हवेचा रोध या वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे निवांत हवेत विसाने जाताना लागतो त्याच्या जवळजवळ तिप्पट. मग मी वाकले, हँडल घट्ट आवळलं आणि त्याच अवस्थेत तीन तास काढले. हात एकदाही हलवल्याचं आठवत नाही.

सोमवार

सकाळी बोट अजून अर्धं झोपलेलंच. आंघोळीचं पाणी हाताला गरम लागलं, करंगळीला कोमट.

सहा आठवड्यांवर 200 किलोमीटरची ब्रेव्हे आहे. नाव नोंदवून झालंय. ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. पहिला कोण, शेवटचा कोण, याला तिथे किंमत नाही. साडेतेरा तासांत अंतर पुरं करायचं, वाटेतल्या ठाण्यांवर वेळेत पोचून कार्डावर शिक्का घ्यायचा आणि आपलं सामान, आपलं पंक्चर आपणच निस्तरायचं. 200 नंतर 300 ला वीस तास, 400 ला सत्तावीस, 600 ला चाळीस. ज्या वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस असते, त्या वर्षी या चारही पुऱ्या केल्या तरच तिथे उभं राहता येतं. सुमारे 1200 किलोमीटर, जास्तीत जास्त नव्वद तास. पहिल्यांदा ती झाली 1891 साली, तेव्हा शर्यत म्हणून; आता दर चार वर्षांनी होते. मला तिथवर जायचंय की नाही, ठाऊक नाही. पण 200 मला करायची आहे, आणि त्यासाठी मला हात हवा आहे.

बुधवार

संध्याकाळी आमची मंडळी जमली. नेहमीप्रमाणे ज्याने त्याने आपापला रविवार सांगितला: इतके किलोमीटर, इतका चढ, सरासरी इतकी. माझी पाळी आली तेव्हा मीही 128 म्हटलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी हात पुढे केला आणि म्हटलं, करंगळी अजून जागी झालेली नाही.

क्षणभर कुणी बोललं नाही. आधी आमच्यातले काका बोलले. त्यांचा तर अंगठा आणि पुढची दोन बोटं बधिर होतात, गेली दोन वर्षं. "म्हटलं वयाचं असेल," ते म्हणाले. आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा, चढावर आम्हाला मागे टाकून दिसेनासा होणारा, म्हणाला की त्याचा उजवा गुडघा उतरताना दुखतो, म्हणून तो चढावर घाई करतो: लवकर वर पोचून थांबता यावं यासाठी. हे ऐकून मला वाईट वाटलं. त्याला थांब म्हणायचं कुणाला सुचलंच नव्हतं, कारण तो पुढे असायचा. मग एकीने सीटवर बसून होणाऱ्या जखमांचं सांगितलं. खाली मान घालून सांगितलं, पण सांगितलं. तीन वर्षं आम्ही एकत्र सायकल चालवतोय. एकमेकांची सरासरी आम्हाला दशांशापर्यंत पाठ आहे, आणि हे काहीच माहीत नव्हतं.

आमच्यातल्या एक ताई फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांनी माझ्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मध्ये कागद दिला.

"घट्ट धर. मी ओढते. अंगठा वाकवू नकोस."

"नाही वाकवत, ताई."

"वाकतोय बघ."

खरंच वाकत होता. माझ्या नकळत अंगठ्याचं टोक दुमडून कागदाला धरू पाहत होतं. डाव्या हाताने तोच कागद सरळ अंगठ्याने धरला गेला. ताईंनी समजावून सांगितलं. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला तळहाताच्या बुडाशी एक छोटी वाट आहे, तिला गियाँचा बोगदा म्हणतात. फेलिक्स गियाँ या फ्रेंच शल्यविशारदाने 1861 मध्ये तिचं वर्णन केलं. त्या वाटेने अल्नर नस हातात शिरते. करंगळीची आणि निम्म्या अनामिकेची संवेदना तिची, शिवाय हातातले बरेचसे बारीक स्नायूही तिच्याच ताब्यात. किल्ली फिरवताना अंगठ्याला जोर देणारा स्नायू त्यातलाच एक. हँडलवर आपण नेमका तोच भाग टेकवतो आणि सारं अंग त्यावर सोडून देतो. काकांची नस वेगळी, मधली. ती मनगटाच्या मधोमध दबते.

"पूर्ण संवेदना येईस्तोवर सायकल बंद. आणि उद्या डॉक्टरांना दाखव," ताई म्हणाल्या. "ही नस चिडलेली असेल तर विश्रांतीने बहुतेक वेळा शांत होते. तिच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलंस तर मात्र हाताची ताकद जाऊ शकते."

शुक्रवार

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. दहा दिवस सायकल नाही.

पुढच्या आठवड्यातला मंगळवार

सायकल भिंतीला टेकलेली. येता-जाता तिच्या सीटवर हात ठेवते. करंगळी रोज थोडी थोडी येतेय: आधी बुडाकडून, मग मधलं पेर, टोक अजून बाकी. मुंग्या येतात तेव्हा बरं वाटतं. मुंग्या म्हणजे कुणीतरी घरात आहे.

शनिवार

मध्ये आणखी एक आठवडा गेला. आज काका नट-बोल्टचे पाने घेऊन आले. दहा दिवस पुरे झालेत, बोटाचं टोकही जागं झालंय. पण तशाच सायकलवर बसले असते तर पुन्हा तेच झालं असतं. म्हणून काकांनी आधी सायकल समतल जमिनीवर उभी केली आणि सीटवर फोनमधली पातळी ठेवली. पुढचं टोक चार अंश खाली.

"हे असं कुणी केलं?"

मीच केलं होतं. गेल्या वर्षी सीटचा पुढचा भाग टोचायचा, म्हणून टोक खाली झुकवलं आणि टोचणं थांबलं. मी विषय मिटला असं धरून चालले. पण उतरत्या सीटवरून माणूस सतत पुढे घसरतो आणि तो घसरू नये म्हणून हात त्याला दर क्षणाला मागे ढकलत राहतात. 128 किलोमीटर माझे हात हेच करत होते.

"बरं, मग आधी टोचायचं का?" काकांनी विचारलं. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांनी मला सायकलवर बसवलं, स्वतः हँडल धरलं आणि टाच पेडलवर ठेवून पाय खाली न्यायला सांगितला. टाच पोचेना. कंबर तिरकी केली तेव्हा पोचली. म्हणजे सीट मुळातच उंच. प्रत्येक फेऱ्यात मी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलंडत होते आणि सीट मला घासत होती. आठ मिलिमीटर खाली घेतली. टाच ठेवल्यावर पाय सरळ झाला आणि चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा वाक राहिला. मग टोक समतल केलं. बसून पाहिलं. टोचत नव्हतं.

आठ मिलिमीटर! करंगळीच्या नखाएवढं अंतर. गेल्या वर्षापासून मी एका चुकीवर दुसऱ्या चुकीचं पांघरूण घालत होते आणि भरपाई शेवटी हाताने केली.

टायरही बदलले. पंचवीस मिलिमीटर रुंदीचे काढून बत्तीसचे घातले, फ्रेममध्ये तेवढी जागा आहे. आधी मी शंभर पीएसआय हवा भरायची, टायर दगडासारखा झाला की समाधान वाटायचं. आता माझ्या वजनाला साठाच्या आतबाहेर पुरते. खडबडीत रस्त्यावर कडक टायर वेग देत नाही, प्रत्येक खडा हातापर्यंत पोचवतो. डनलॉपने 1888 साली हवेचा टायर केला तो मुळी आपल्या लहान मुलाची तीनचाकी फार हादरते म्हणून. आणि तीनच वर्षांनी पहिली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस जिंकणारा शार्ल तेराँ मिशेलिनच्या हवेच्या टायरवर धावत होता. सायकलच्या इतिहासातली ही गोष्ट मला फार जवळची वाटते: एका मुलाला हादरे बसू नयेत म्हणून केलेली सोय.

रविवार

70 किलोमीटर, हळू. दर पाच किलोमीटरला हाताची जागा बदलली: वर, ब्रेकच्या बोंडांवर, खाली वाकड्या दांड्यावर, पुन्हा वर. कोपर जरा वाकलेलं ठेवलं. ते ताठ झालं की हादरा थेट मनगटात उतरतो. सगळ्यात अवघड होतं हँडल न आवळणं. मी स्वतःशी म्हणत राहिले, धरू नकोस, ठेव. उतारावर आणि गर्दीत तो हात आपोआप आवळतो. भीती बोटांत साठते हे मला आज कळलं.

पंचावन्नाव्या किलोमीटरला करंगळीत मुंग्या आल्या. थांबले, हात झटकले, पाणी प्यायले. पाच मिनिटांत गेल्या.

तीन आठवड्यांनंतरचा रविवार, रात्री उशिरा

झाली.

मध्ये काही लिहिलं नाही. शंभराची एक राइड झाली, एकशे चाळीसची एक, आणि दोन्हींबद्दल सांगण्यासारखं एवढंच की किल्ली उजव्या हाताने फिरली.

आज सकाळी सहाला निघालो. अंधार होता, सगळ्यांचे मागचे दिवे लांबपर्यंत लाल लाल दिसत होते आणि कुणी बोलत नव्हतं. चेनचा आवाज आणि फ्रीव्हीलची किरकिर, बस. पहिल्या तासात पुष्कळ जण पुढे गेले. मी जाऊ दिले. भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं, हे यावेळी घड्याळ लावून पाळलं: दर अर्ध्या तासाला घास. शरीरातली साठवलेली साखर जोराच्या राइडला दोन तासही पुरत नाही, आणि ती संपल्यावर जे होतं ते मी एकदा रस्त्याच्या कडेला बसून अनुभवलंय.

अर्ध्या वाटेचा शिक्का पाच तास चाळीस मिनिटांनी मिळाला. तिथवर चढ होता, पण सावलीतला. परत फिरलो आणि तोच वारा समोर. 130 ते 165 हा पट्टा मी विसरणार नाही. काका, तो मुलगा आणि मी एका रांगेत लागलो. पुढच्याने वारा झेलायचा, मागच्या दोघांनी त्याच्या चाकाशी राहायचं, दोन किलोमीटर झाले की पुढच्याने बाजूला होऊन मागे जायचं. मुलगा पुढे असला की वेग वाढायचा. मी ओरडले, "जरा हळू रे, गुडघा सांभाळ!" त्याने मान हलवली आणि खरंच हळू झाला. त्या पस्तीस किलोमीटरमध्ये आम्ही दहा वाक्यंही बोललो नसू. इतकी सोबत मला क्वचित वाटली आहे.

171 वर काकांचं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलायला किती वेळ लागतो, पण आत काय रुतलंय ते न शोधता नवी ट्यूब घातली तर तीही जाते. काका टायर आतून चाचपत होते, त्यांची बोटं बधिर. दोनदा फिरवूनही सापडेना. "मला द्या काका," मी म्हटलं आणि टायरच्या आतून हळूच बोटं फिरवली. केसाएवढी बारीक तार होती, ट्रकच्या फाटक्या टायरमधून गळतात तसली. करंगळीला टोचली. चांगलीच टोचली, थेंबभर रक्त आलं.

काका म्हणाले, "लागलं का गं?"

"हो," मी म्हटलं, आणि मला हसू आवरेना.

बारा तास दहा मिनिटांत पोचलो, तिघं एकदमच. कार्डावर शेवटचा शिक्का बसला. काका उद्या ताईंकडे जाणार आहेत. तिथेच सगळ्यांसमोर त्यांच्याकडून वचन घेतलंय.

डाव्या हाताला आत्ता थोड्या मुंग्या आहेत, त्याकडे लक्ष ठेवायला हवं. उजवी करंगळी तार लागली तिथे ठणकतेय. मुलाचा आत्ताच फोन आला होता. गुडघा दुखतोय, पण नेहमीपेक्षा कमी. टाच पेडलवर ठेवून बघ म्हटलं तर म्हणाला, कंबर वाकडी न करताच पोचते, उलट गुडघा बराच दुमडलेला राहतो. म्हणजे त्याची सीट खाली असणार. शनिवारी जायचं ठरलंय. पाने मी नेणार आहे.